सकाळी बर्नर लॉकआउटला जातो, रीसेट दाबला की चालतो: आधी कितव्या सेकंदाला बंद पडला ते बघा

आमच्याकडे डिझेलवर चालणारा छोटा बॉयलर आहे. बर्नर अगदी साधा, सिंगल स्टेज (एकाच ताकदीवर जळणारा), एक मोटर, तिच्या शाफ्टवर ब्लोअर, पुढे कपलिंगने जोडलेला ऑइल पंप, ऑइल फवारणारं एक नोझल, स्पार्क देणारे दोन इलेक्ट्रोड, फ्लेमचा उजेड बघणारा एक फोटोसेल आणि कंट्रोलर, बस. तक्रार एकच होती, रोज सकाळी पहिल्या स्टार्टला लॉकआउट, म्हणजे फ्लेम दिसली नाही म्हणून कंट्रोलर बर्नर बंद करून ठेवायचा. लाल दिवा लागायचा, ऑपरेटर रीसेट दाबायचा, दुसऱ्या खेपेला बर्नर पकडायचा आणि मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू झाला तरी काही कुरकुर नाही. सहा आठवडे हे चाललं. तेवढ्यात मेकॅनिकने फोटोसेल बदलला, मग कंट्रोलर बदलला, मग स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज देणारा इग्निशन ट्रान्सफॉर्मर पण नवा आला आणि सकाळचा लाल दिवा होता तिथेच होता. शेवटी मी मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन बर्नरसमोर उभा राहिलो आणि दोन सकाळींत कुठे शोधायचं ते कळलं. तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण असाच त्रास बऱ्याच जणांना असतो आणि पार्ट बदलत बसण्यात खूप वेळ आणि पैसा जातो.

आधी रीसेटचं सांगतो, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. रीसेट दाबून बर्नर चालू झाला म्हणजे दुरुस्त झाला असं नाही. नोझलवर जो आकडा कोरलेला असतो ना, समजा १.००, तो अमेरिकन गॅलन प्रति तास असतो आणि ७ बार प्रेशरला धरलेला असतो. १ गॅलन म्हणजे तासाला पावणेचार लिटरच्या जरा वर, म्हणजे सेकंदाला साधारण १ मिली डिझेल. पंप १० बारला लावला असेल तर फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतो, सुमारे १.२ पट. आता सेफ्टी टाइम, म्हणजे ऑइल सुटल्यावर फ्लेम दिसायला कंट्रोलर जितका वेळ देतो तो, १० सेकंदांचा असेल आणि स्पार्कच नसेल तर एका फसलेल्या प्रयत्नात १०-१२ मिली डिझेल फवारा होऊन भट्टीत पडतं. जुन्या कंट्रोलरमध्ये हा वेळ ४५ सेकंदांपर्यंत असायचा, तिथे हेच ५० मिली होतं. पाच वेळा रीसेट दाबला की पाव लिटर डिझेल भट्टीत, आणि भट्टी गरम असेल तर त्याची वाफ. सहाव्यांदा स्पार्क आला की ते सगळं एकदम पेटतं, बर्नरचं दार उडतं, चिमणीचे जोड सुटतात, समोर माणूस असेल तर भाजतो. म्हणून आमच्याकडे आता नियम आहे, एक रीसेट, तोही समोर उभं राहून, घड्याळ हातात घेऊन. दुसऱ्यांदा लॉकआउट आला की मेन स्विच ऑफ, ऑइलचा कॉक बंद आणि मग शोध सुरू. भट्टीत ओलं डिझेल दिसलं तर ते पुसून काढून, हवा खेळू देऊन, वास गेल्याशिवाय बर्नर चालू करायचा नाही.

आता सायकल कशी चालते ते. हे नीट डोक्यात बसलं की अर्धं ट्रबलशूटिंग तिथेच होतं. साध्या कंट्रोलरला मुळात तीनच गोष्टी कळतात: हीटची मागणी आहे का, फोटोसेलला उजेड दिसतोय का, आणि किती सेकंद झाले. ट्रान्सफॉर्मर चांगला आहे का, टाकीत डिझेल आहे का, नोझल चोक आहे का, यातलं त्याला काहीही कळत नाही. त्यामुळे लॉकआउटचा लाल दिवा म्हणजे कंट्रोलर खराब असं धरून चालणं चूक आहे, बहुतेक वेळा तो आपलं काम बरोबरच करत असतो.

थर्मोस्टॅट किंवा प्रेशर स्विचने मागणी दिली, लिमिट स्विच (तापमान किंवा प्रेशर हद्दीबाहेर गेलं की तोडणारे) सगळे जोडलेले असले की कंट्रोलर मोटरला सप्लाय देतो. ब्लोअर फिरतो, भट्टीत राहिलेली वाफ आणि धूर चिमणीतून बाहेर काढतो, याला प्री-पर्ज म्हणतात आणि छोट्या बर्नरला तो साधारण १०-१५ सेकंदांचा असतो. त्याच वेळी बऱ्याच कंट्रोलरमध्ये स्पार्कही चालू झालेला असतो, कान दिला तर बारीक करकर ऐकू येते. पंप पण फिरतोय, प्रेशर तयार आहे, पण सोलेनॉइड (विजेवर उघडणारा ऑइलचा व्हॉल्व्ह) बंद असल्यामुळे नोझलला ऑइल जात नाही. एक मात्र लक्षात घ्या, ज्या बर्नरला वेगळा सोलेनॉइड नाही तिथे पंपात प्रेशर आलं की आतला पिस्टन सरकतो आणि ऑइल लगेच सुटतं, तिथे ही प्री-पर्जची सोय नसते. या सगळ्या काळात फोटोसेलला अंधार दिसायला हवा. फायर होण्याआधीच उजेड दिसला तर कंट्रोलरला वाटतं की आत काहीतरी जळतंय किंवा सेल शॉर्ट आहे, आणि तो पुढे जात नाही.

पर्ज संपला की सोलेनॉइडचा खट् असा आवाज येतो. ऑइल नोझलमधून गोल फिरत शंकूसारखं बाहेर पडतं, स्पार्क हवेच्या झोताने पुढे वाकून त्या शंकूच्या कडेला लागतो आणि फ्लेम येते. तब्येत चांगली असलेल्या बर्नरमध्ये खट् ऐकू येणं आणि फ्लेम दिसणं यात एक सेकंद पण जात नाही. हा एक सेकंद लक्षात ठेवा. त्या खट्पासून सेफ्टी टाइम मोजायला सुरू होतो, आजच्या छोट्या बर्नरला बहुतेक ५ ते १० सेकंद. तेवढ्यात फोटोसेलने उजेड दाखवला तर बर्नर चालू राहतो, स्पार्क आणखी काही सेकंद राहून बंद होतो. नाही दाखवला तर सोलेनॉइड बंद, मोटर बंद, लाल दिवा, आणि माणसाने येऊन हाताने बटण दाबेपर्यंत काही होणार नाही. हे हाताने दाबणं मुद्दामच ठेवलंय, म्हणजे कोणीतरी येऊन बघावं. चालू असताना फ्लेम गेली तर सोलेनॉइड सेकंदाभरात बंद होतो, मग काही कंट्रोलर पहिल्यापासून एकदा परत प्रयत्न करतात, काही सरळ लॉकआउटला जातात, आपला कोणता आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. जुन्या थर्मल टाइपमध्ये आत हीटरने तापणारी पट्टी असते, ती गार होईपर्यंत रीसेट धरतच नाही, तिथे बटणावर जोर काढू नका, काही मिनिटं थांबा.

तर आता स्टॉपवॉच. मोटर सुरू झाली की शून्य. मग तीन आकडे लिहायचे: खट् कितव्या सेकंदाला, फ्लेम कितव्या सेकंदाला, बंद कितव्या सेकंदाला. फ्लेम बघायच्या काचेतून दिसते, काच काळी असेल तर बर्नर बंद आणि गार असताना आधी ती पुसा. या तीन आकड्यांवरून कुठे हात घालायचा ते कळतं.

खट् व्हायच्या आधीच ट्रिप होत असेल तर फोटोसेलला कुठून तरी उजेड जातोय असं समजा. बर्नरचं कव्हर नीट बसलेलं नाही, बंद झाल्यावर भट्टीची वीट लाल राहते, किंवा सोलेनॉइड लीक असल्यामुळे नोझलच्या टोकाला छोटी ज्योत रेंगाळत राहते. मोठ्या बर्नरला एअर प्रेशर स्विच असतो, तोही इथेच अडवतो. मोटर मुळात फिरतच नसेल आणि लाल दिवा पण नसेल तर आधी थर्मोस्टॅट, लिमिट आणि मोटरचा ओव्हरलोड बघा. ऑइल प्रीहीटर असेल तर त्याचा थर्मोस्टॅट ओके देईपर्यंत बर्नर गप्पच राहतो, हे पण विसरायला होतं.

खट् झालं, सेफ्टी टाइम पूर्ण गेला, फ्लेम आलीच नाही. इथे दोनच शक्यता, ऑइल नाही किंवा स्पार्क नाही, आणि कोणती ते काचेतून कळतं. आत किंवा चिमणीच्या तोंडाला पांढरट धुकं दिसलं आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर ऑइल येतंय, पेटत नाहीये, म्हणजे इलेक्ट्रोड, ट्रान्सफॉर्मर, केबल. धुकं नाही, वास नाही, भट्टी कोरडी, तर ऑइलच येत नाहीये, म्हणजे टाकी, कॉक, फिल्टर, पंप, कपलिंग, सोलेनॉइडची कॉइल, नोझल. प्लास्टिकचं कपलिंग घासून गुळगुळीत झालं की मोटर मजेत फिरते आणि पंप जागेवर उभा असतो, हे बाहेरून कळत नाही, पंपाला गेज लावलं की लगेच कळतं.

फ्लेम छान आली, स्थिर जळतेय आणि बरोबर सेफ्टी टाइम संपला त्याच क्षणी बंद, रोज तोच सेकंद, तर फोटोसेल. हा खरा फोटोसेलचा फॉल्ट. बर्नर बंद करून सेल काढा, मल्टीमीटरवर ओहम लावा. हाताने पूर्ण झाकला की रेझिस्टन्स लाखांत जायला हवा, उजेडात धरला की हजाराच्या आसपास किंवा खाली. नेहमीच्या पिवळ्या फ्लेमवर चालणारा हा कॅडमियम सल्फाइडचा सेल असतो, उजेड वाढला की रेझिस्टन्स कमी. बऱ्याचदा सेल चांगलाच असतो, काचेवर काजळी असते किंवा बसवताना तिरका बसून त्याचं तोंड नळीच्या भिंतीकडे झालेलं असतं. मऊ फडक्याने पुसा, खाच बघून बसवा. पण आठवड्याला पुसावा लागत असेल तर ती काजळी येतेय कुठून ते शोधा, हवा कमी पडतेय किंवा नोझल गेलंय. आणि एक हात जोडून सांगतो, सेल बाहेर काढून त्याला टॉर्च दाखवून बर्नर कधीही चालवू नका. मग फ्लेम गेली तरी कंट्रोलरला उजेड दिसत राहतो आणि पंप डिझेल ओतत राहतो, त्याला थांबवणारं कोणी नसतं.

फ्लेम सेफ्टी टाइमच्या पुढे गेली आणि स्पार्क बंद झाला त्या सेकंदाला विझली, तर फ्लेम स्वतःच्या जिवावर उभी नव्हती, स्पार्कने धरून ठेवली होती. हवा जास्त, पंप प्रेशर कमी, नोझल खराब किंवा डिफ्युझर प्लेट (नोझलभोवतीची, हवा फिरवणारी चकती) कार्बनने भरलेली. इथे फोटोसेल बदलून काहीच होत नाही आणि बहुतेक वेळा बदलला तोच जातो.

पाच-दहा मिनिटं चालून बंद पडत असेल तर ऑइल अपुरं पडतंय का बघा, फिल्टर चोक, टाकीचा व्हेंट बंद, नाहीतर कॉइल किंवा मोटर तापून सोडतेय. पंपाच्या सक्शनला व्हॅक्यूम गेज लावलं आणि ०.४ बारच्या पुढे गेलं तर डिझेलमधलीच हवा सुटायला लागते आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करतो.

फ्लेम येते पण उशिरा आणि धप्प आवाज करून येते, याला अजिबात हलकं घेऊ नका, हा मोठ्या धडाक्याच्या आधीचा इशारा आहे. इलेक्ट्रोड काढून बघा. टोकांमधली गॅप साधारण ३-४ मिमी असते, पण नोझलपासून किती वर आणि किती पुढे ते आपल्या बर्नरच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवा, अंदाजाने वाकवू नका. टोकं ऑइलच्या शंकूत घुसली की त्यावर कार्बनची मिशी वाढते आणि स्पार्क तिच्यातून जायला लागतो. पोर्सेलिन फडक्याने स्वच्छ पुसून उजेडात फिरवून बघा. आमच्या एका इलेक्ट्रोडला केसाएवढी चीर होती, काजळीखाली ती दिसतच नव्हती, पुसल्यावर काळी रेघ राहिली, नखाने खरवडली तरी जाईना, तेव्हा कळलं की ती रेघ नाही, तडा आहे आणि स्पार्क आतल्या आत बॉडीला जातोय. ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट १०,००० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतं, स्क्रू ड्रायव्हर धरून स्पार्क काढून बघायची सवय असेल तर ती आजच सोडा.

आता आमचं काय होतं ते. पहिल्या सकाळी: खट् १३ व्या सेकंदाला, फ्लेम नाही, २३ व्या सेकंदाला बंद. म्हणजे १० सेकंद सेफ्टी टाइम पूर्ण गेला. काचेत धुकं नव्हतं, वास नव्हता, भट्टी कोरडी. म्हणजे ऑइल पोचलंच नाही, आणि आम्ही तोपर्यंत बदललेल्या तीनही वस्तूंचा ऑइलशी काही संबंध नव्हता. रीसेट दाबला, खट् १३ ला, फ्लेम १४ ला. दुसऱ्या सकाळी पहिल्याच खेपेला खट् १३ ला आणि फ्लेम २१ व्या सेकंदाला, फडफडत, तुटक तुटक, आणि धप्प आवाजाने. पेटली म्हणून ऑपरेटर खूष झाला, मला मात्र त्याच आवाजाची धास्ती वाटली, कारण आधीच्या काही सेकंदांत थोडं डिझेल थुंकल्यासारखं आत गेलं होतं आणि नंतर सगळं मिळून पेटलं होतं.

मग ऑपरेटरला विचारलं की दुपारी तास-दीड तास बंद ठेवून चालू करता तेव्हा काय होतं. म्हणाला, एकदम पकडतो. आणि सुट्टीनंतरच्या दिवशी? तेव्हा दोनदा रीसेट लागतो. इथेच उत्तर होतं. जितका जास्त वेळ बंद तितका त्रास जास्त, म्हणजे बंद असताना हळूहळू काहीतरी होतंय. आमची टाकी बर्नरपेक्षा खाली आहे. सक्शन लाइनमध्ये कुठेतरी हवा शिरत असेल तर रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं आणि लाइन रिकामी होते. सकाळी पहिल्या २३ सेकंदांत पंप नुसती हवा ओढतो, लॉकआउट होतो, पण तोपर्यंत लाइन भरलेली असते, म्हणून दुसऱ्या खेपेला लगेच फ्लेम. रीसेटने काहीही दुरुस्त होत नव्हतं, पंपाला फक्त आणखी २३ सेकंद मिळत होते. आणि लाइन डबल पाइपची (एक ओढायची, दुसरी जास्तीचं ऑइल टाकीत परत नेणारी रिटर्न) असल्यामुळे दिवसभर जी थोडी हवा येते ती रिटर्नने टाकीत निघून जायची, म्हणून दिवसा पत्ताच लागत नव्हता.

लीक बाहेरून दिसत नव्हता कारण सक्शन लाइनमध्ये चालू असताना व्हॅक्यूम असतो, डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. सगळे जोड कोरडे ठणठणीत. मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये फूटभर डिझेलला चालणारी पारदर्शक नळी तात्पुरती लावली आणि बर्नर चालू केला. नळीत मोहरीएवढे बुडबुडे, एकामागे एक, सरळ ओळीने वर जात होते, मध्येच एखादा मोठा. मग टाकीकडून सुरुवात करून एकेका जोडावर जाड ग्रीसचा लेप देत आलो. फ्लेअर नटवर काही फरक नाही, कॉकच्या ग्लँडवर नाही, फिल्टरच्या वाटीच्या कडेला ग्रीस भरलं आणि अर्ध्या मिनिटात बुडबुडे थांबले. वाटी खोलली तर ओ-रिंग (सील करणारी रबरी गोल रिंग) चपटी, कडक, वाकवल्यावर तडकली. आठवून बघितलं तर फिल्टरचा एलिमेंट (आतली गाळणी) बदलला होता त्यानंतरच हे सुरू झालं होतं, एलिमेंट नवा आणि रिंग जुनीच परत बसवलेली. नवी रिंग डिझेलचा हात लावून बसवली, वाटी हाताने आवळून वर पाव फेरा दिला, पारदर्शक नळी काढून परत कॉपर जोडली आणि नवीन फ्लेअरलाही ग्रीस टेस्ट केली, कारण नळी काढ-घाल करताना नवीन लीक आपणच करून ठेवतो.

तुमची लाइन सिंगल पाइप असेल तर हवा आपोआप निघणार नाही, पंपाच्या ब्लीड निपलला नळी लावून बाटलीत बुडबुडे थांबेपर्यंत काढावी लागेल. आणि सिंगलचं डबल किंवा डबलचं सिंगल करताना पंपातला बायपास प्लग विसरू नका, डबल पाइपसाठी प्लग बसवलेला तसाच ठेवून रिटर्न बंद केली तर प्रेशर शाफ्ट सीलवर येतं आणि सील फुटतं.

रिंग बदलल्यावर सलग आठ सकाळी वेळ लिहिली. खट् १३, फ्लेम १४ च्या आत, आठही दिवस, सुट्टीनंतरच्या सकाळी सुद्धा. काढून ठेवलेला जुना फोटोसेल मल्टीमीटरवर तपासला, झाकून लाखांत आणि उजेडात सहाशेच्या आसपास ओहम, म्हणजे चांगलाच होता, तो आता स्पेअर म्हणून डब्यात ठेवलाय. ओ-रिंग मात्र आता प्रत्येक एलिमेंटबरोबर नवीच घेतो.